ही कोण? नाव सांग

नवरीला आरसा दाखवण्याआधी सेतूमावशी तिचे डोळे आपल्या तळहाताने झाकायची. दुसऱ्या हातात मुठीचा आरसा, पितळी चौकटीचा. तळहाताला चंदनाचा आणि मोगऱ्याचा वास. मग हात एकदम काढायची आणि विचारायची, "ही कोण? नाव सांग." नवरीने आपलं नाव मोठ्याने सांगितल्याशिवाय आरसा खाली ठेवायचा नाही, हा तिचा नेम होता. मुली लाजायच्या, काही रडायला लागायच्या, वरातीची घाई असायची, बाहेरून नादस्वरम् ऐकू येत असायचं. मावशी ढिम्म. "नाव घेतलं म्हणजे गळा मोकळा होतो. गळा मोकळा जाहला म्हणजे काजळ टिकतं," असं तिचं शास्त्र.

कुंभकोणम् आणि आसपासच्या गावांतल्या किती मुलींना तिने नटवलं असेल, देव जाणे. लांब वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या सुईदोऱ्याने शिवून बसवायच्या, खाली गोंडे बांधायचे, कपाळावर चंदनाची बारीक नक्षी काढायची, ही तिची कामं. नवरा लवकर गेला. त्यानंतर तिला कोणी नवरीजवळ येऊ देणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिच्यासारखी वेणी कोणाला जमायची नाही, म्हणून बायकांनी आपसात तोडगा काढला. सगळं सेतूबाईंनी करायचं, कुंकू तेवढं दुसऱ्या कोणी लावायचं. मावशी आरसा धरून बाजूला सरकायची, कुंकू लागलं की पुन्हा पुढे यायची.

माझ्या लग्नात मलाही तिनेच नटवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील सायकली दुरुस्त करायचे, आई घरी शिवणकाम करायची, बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. तर मावशीने हात काढला, "ही कोण?" म्हणाली, आणि मी ताठ मानेने सांगितलं, "अंबुजा, बी.एस्सी."

मावशी पोट धरून हसली. "अगो, डिग्री पाटाखाली ठेव. निसतं नाव सांग."

"डिग्री पण माझीच आहे."

"बरं बाई, असू दे. डिग्रीसकट बघ." आणि मग आईला हाक मारली, "ये गे, कुंकू लाव हिला."

आमचं मराठी तिकडच्या, महाराष्ट्रातल्या वाचकांना थोडं विचित्र वाटेल, म्हणून सांगते. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे आले आणि इथलेच झाले. मराठी घरात राहिलं, तेही जुनं. उंबऱ्याबाहेर तमिळ. हा नियम कोणी शिकवत नाही. दारात कोणी आलं की जीभ आपोआप बदलते. दूधवाला, वाणी, भाडेकरू, डॉक्टर यांच्याशी तमिळ. आत वळलो की मराठी. आमच्यात एखाद्याशी मराठी बोलणं म्हणजे त्याला आत घेणं.

आणि 'आरसा' हा शब्द आमच्याकडे फार मोठा आहे. तमिळमध्ये 'कण्णाडी' या एका शब्दात तोंड बघायचा आरसा, काच, चष्मा असं सगळं बसतं. आमच्या आरशानेही तेवढेच पाय पसरले. खिडकीची काच म्हणजे आरसा. डोळ्यावरचा चष्मा म्हणजे आरसा. स्कूटरचा, बसचा, दुकानाच्या कपाटाचा, सगळा आरसाच. पहिल्या नोकरीला पुण्यात होते तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीला मी म्हणाले, "माझा आरसा फुटला, आता मला काही दिसत नाही." तिने बिचारीने बाजारातून प्लॅस्टिकच्या चौकटीचा आरसा आणून दिला. पुढे कितीतरी दिवस ऑफिसात तो किस्सा चालला होता. प्रमाण मराठी मी तिथे ईर्ष्येने शिकले. पण लग्न होऊन परत कुंभकोणम्ला आले, मावशीच्या समोरच्याच घरात बिऱ्हाड केलं, शाळेत शिकवू लागले, आणि तिने दारातूनच विचारलं, "तुझा आरसा केवढा जाड जाहला गे! शाळेत मुलं भीत नाहीत?" तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. चौथीपासून माझ्या डोळ्यावर चष्मा आहे. त्यानंतर मावशीने मला त्याशिवाय क्वचितच पाहिलं होतं. याला पुढे काही अर्थ येईल असं तेव्हा कुठे वाटलं होतं!

आरशाविषयी तिचे नियम होते. दात आल्याशिवाय तान्ह्या मुलाला आरसा दाखवायचा नाही. दिवेलागणीला आरशासमोर केस विंचरायचे नाहीत. तडा गेलेल्या आरशात तोंड पाहायचं नाही. "का?" म्हणून मी विचारायची, विज्ञान शिकवते, विचारणारच. ती म्हणायची, "आरशातलं माणूस आपण उभे आहोत म्होणोन उभं असतं. त्याला उगाच ताटकळत ठेवू नये." मी हसायची.

हसणं थांबलं ते एका सकाळी. इडलीचं पीठ द्यायला मी तिच्याकडे गेले, तर आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. तमिळमध्ये. "वांग, उक्कारुंग." या, बसा. "कॉफी घेणार ना?"

मी दाराशी पाहिलं. पाहुण्याच्या चपला नव्हत्या. आत गेले. मावशी लोखंडी कपाटासमोर उभी होती. त्या कपाटाच्या दाराला उभा आरसा बसवलेला. हात जोडून, मान थोडी लववून ती त्या आरशाशी बोलत होती.

"मावशी, कोण आलंय?"

ती मराठीत कुजबुजली, "कोण की बाई. सकाळपासून उभी आहे. बैस म्हटलं तर बसत नाही. तोंड हलवते, आवाज देत नाही."

मी तिला धरून स्वयंपाकघरात आणलं, काहीबाही बोलले. ती हो हो म्हणाली. मग दोन पेल्यांत कॉफी ओतली आणि एक पेला उचलून पुन्हा आत निघाली.

तिचा मुलगा रघू चेन्नईला असतो. त्याला फोन केला, तो आला, आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचाच आजार आहे, कधी कधी त्यात माणसाला स्वतःची ओळखही लागत नाही. आरसे झाका, समजूत घालत बसू नका. औषधं दिली. रघूने कपाटावर आईचं जुनं सुती लुगडं टांगलं, मुठीचा आरसा तिच्या नटवण्याच्या पिशवीच्या तळाशी घातला आणि म्हणाला, "अक्का, आता काळजी नाही." मलाही तसंच वाटलं. एकच तर आरसा होता.

पण मावशीच्या शब्दातला आरसा एक नव्हता. संध्याकाळी घरात दिवा लागला आणि बाहेर काळोख झाला की बाई खिडकीच्या काचेत येऊन उभी राहायची. बंद टीव्हीत बसायची. स्टीलच्या झाकणात तिचं तोंड फुगायचं, पितळी घागरीच्या पोटावर लांबायचं. आंघोळीच्या बादलीत ती खालून वर बघायची. रघू मोबाइलवर चेहरा दाखवून बोलायचा, तर कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात ही. मावशीने फोन पदराखाली दाबला. "तुझ्या घरी पण पोचली रे ती!"

मी खिडक्यांना खाकी कागद लावला. टीव्ही भिंतीकडे फिरवला. पितळ-स्टील माळ्यावर टाकलं आणि बाजारातून मातीची आणि रंगीत प्लॅस्टिकची भांडी आणली. बादलीत पाणी ओतताना मी आधी हाताने ढवळून घ्यायची. घर आंधळं केलं. त्या घरात वावरताना मलाच भीती वाटू लागली होती. कुठे काही चमकलं की मी तिच्या आधी दचकायची.

मावशीची भीती दिवसागणिक शहाणी होत गेली. "ती माझी साडी नेसते. कोठली नेसली पाहा, हीच." मग एके दिवशी, "हे घर तिचंच दिसतं. मी कामाला आलेली. नवरीचं काम जाहलं असेल तर जावं, परक्या घरी किती राहावं?" आणि ती खरोखर गेली. दुपारी शाळेतून येते तो दार सताड उघडं. पिशवी नाही, मावशी नाही. पायात चपला नसलेली म्हातारी, हातात नटवण्याची पिशवी, रस्त्यावर मोटारी. मी स्कूटरवर सगळं पालथं घातलं. सापडली दारासुरम्कडे जाणाऱ्या टाउन बसच्या थांब्यावर, ऊन लागून तोंड लाल झालेलं. कंडक्टर तिला वर घेत होता.

"कुठे निघालीस मावशी?"

"घरी," ती म्हणाली. "माझ्या घरी. येथे ती बाई राहू देत नाही."

तिचा जन्म याच गल्लीतला. लग्नही याच गल्लीत झालं. दुसरं घर तिला माहीत नव्हतं.

रघू तिला चेन्नईला घेऊन गेला. आठवडाही झाला नसेल, परत घेऊन आला. त्याच्या इमारतीत लिफ्ट आहे. तिन्ही भिंतींना आरसे. दार बंद झालं आणि मावशीला चहूकडून बायकांनी घेरलं. ती किंचाळली, दारावर डोकं आपटून घेतलं, कपडे ओले केले. कपाळाला टाके घालावे लागले. रघू माझ्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला. "अक्का, मी वरच्या मजल्यावर राहतो. तिला रोज जिन्याने कशी नेऊ? इथे राहिली तर बरं. पण पुन्हा बाहेर पडली, गाडीखाली आली, तर? पुन्हा एकदा जरी पळाली, तर मी तिला कोइंबतूरकडच्या एका संस्थेत ठेवणार. चांगली आहे म्हणतात. बाहेरचं दार कुलूपबंद असतं."

त्याचंही चुकत नव्हतं. पण कुलपाच्या आत, अनोळखी माणसांत, जिथे कोणाला मराठी येत नाही, तिथे ती कोणाला भिणार आणि कोणाजवळ जाणार? दिवसभराला त्याने एक बाई ठेवली. सकाळ-संध्याकाळ मी बघणार असं ठरलं. म्हणजे मावशीने पळू नये, याची जबाबदारी माझ्यावर आली. शाळेत फळ्यावर आकृती काढताना माझा हात थांबायचा. फोन वाजला की खडू टाकून मी वर्गाबाहेर यायची.

मग तिने मला गाठलं. म्हणजे त्या बाईने. मी मावशीला दहीभात भरवत होते. घास तोंडाजवळ नेला आणि तिची नजर माझ्या डोळ्यांवर अडकली. ती मागे सरकली, पाटावरून घसरली, भिंतीला टेकली.

"तुझ्या डोळ्यांत बसली गे ती! दोन-दोन बसल्या!"

माझा चष्मा. सगळं झाकलं आणि हाच आरसा मी रोज तोंडावर लावून तिच्यासमोर बसत होते.

मी झटकन चष्मा काढला आणि मागे ठेवला. मावशी शांत झाली. श्वास खाली बसला. मग तिने मला नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले.

"नींग यारु?" ती म्हणाली. आपण कोण?

तमिळमध्ये. माझ्याशी. पाळण्यात असल्यापासून ती माझ्याशी मराठी बोलली होती.

मी चष्मा लावला असता तर तिला मी दिसले असते, पण माझ्याबरोबर ती बाईही दिसली असती. नाही लावला तर भीती नाही, पण मीही नाही. मी तसाच घास पुढे केला. "पक्कत्तु वीडु," म्हणाले. शेजारचीच आहे. "साप्पिडुंग." जेवा. तिने परक्या बाईच्या हातचा खावा तसा संकोचून तो घास खाल्ला. त्या दिवसापासून तिच्या घरात शिरताना मी चष्मा उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी ठेवू लागले. माझा नंबर मोठा आहे. आत सगळं धुक्यात. मावशी म्हणजे एक पांढुरका आकार आणि आवाज. तिचा चेहरा मला दिसेना आणि तिला माझा ओळखू येईना, अशा आम्ही दोघी एकमेकींना आपण-तुम्ही करत कॉफी प्यायचो.

त्यानंतरची एक सकाळ मला अजून लख्ख आठवते. मी कॉफीचा डबा घेऊन गेले तर बाहेरच्या दाराची कडी काढलेली. हाक मारली, उत्तर नाही. स्वयंपाकघर रिकामं. पिशवी खुंटीवर नाही. गेली, मी म्हणाले. आता रघूला सांगावं लागणार. चष्मा बाहेर, काही दिसत नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुजबुज आली.

कपाटावरचं लुगडं खाली पडलं होतं. मावशी आरशासमोर पाटावर बसली होती. मी दारातच थिजले. आता किंचाळेल, आता उठून पळेल. मी मधे जाऊन उभी राहणार, इतक्यात शब्द कानावर आले.

"रडू नको गे. पहिल्या दिवशी अवघ्या रडतात. अशी इकडे बघ. मान वर कर."

मराठी. आरशातल्या बाईशी.

मी बाहेर जाऊन चष्मा घेऊन आले आणि दाराआड, तिला दिसणार नाही अशी उभी राहून लावला. पिशवी उलगडलेली होती. फणी, गोंडे, सुईदोरा, चंदनाची डबी. सुकलेल्या मोगऱ्याची माळ तिने आरशाच्या वरच्या कडेला खोचली होती, बाईच्या केसांच्या जागी. चंदनाचं बोट काचेवर फिरवून भुवईवर नक्षी काढली होती, बारीक, एकसारखी. हात जरा कापलेला नव्हता. मग तिने तळहात काचेवर ठेवला आणि बाईचे डोळे झाकले.

"आता बघ," हात काढून म्हणाली. "ही कोण? नाव सांग."

बाईचे ओठ हलले. आवाज आला नाही. मावशी थांबली. तिला सवय होती थांबायची. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. मग तिने वळून दाराकडे पाहिलं. मी घाईने चष्मा ओढून काढला.

"पोण्णु बयप्पडुदु," ती मला म्हणाली, अगदी अदबीने. पोरगी घाबरली आहे. "इवळ पेर एन्न? नींग सोल्लुंग." हिचं नाव काय, तुम्ही सांगा.

कसंबसं म्हणाले, "सेतू."

ती आरशाकडे वळली. "सेतू. ऐकलंस? सेतू नाव तुझं. आता मोकळं वाटेल." मग दुसऱ्या डबीत बोट बुडवून तिने काचेवर, बाईच्या कपाळाच्या बरोबर मध्यावर, काहीतरी टेकवलं. मला लाल एवढंच दिसलं. कुंकू लावायला तिने कोणाला हाक मारली नाही.

त्यानंतर मावशी पळाली नाही. संस्थेचा विषय रघूने पुन्हा काढला नाही. कपाटावर लुगडं टांगायचं मी सोडून दिलं. रोज सकाळी ती आरशासमोर बसायची, बाईला नटवायची, विचारायची, समजूत घालायची. "आपलंच घर आहे. भिऊ नको. मी आहे ना." सगळं मराठीत. मी कॉफी घेऊन गेले की अदबीने म्हणायची, "वांग, उक्कारुंग." ती बाई आत आली होती, आणि मी उंबऱ्यावरची पाहुणी होते. मला वाईट वाटायचं. पण तिची भीती गेली होती, आणि तेवढ्यासाठी मी परकी व्हायला तयार होते. माझी भीती मात्र गेली नाही. उलट मला कळलं की भीती कुठे जाते: एकाच्या घरातून निघून समोरच्या घरात.

मावशी पावसाळा संपता संपता गेली, आपल्याच खोलीत, दुपारच्या झोपेत. गल्लीतल्या बायका आल्या. कोणीतरी म्हणालं, घरात मयत आहे, आरसा झाका. मी पुढे झाले. "तो नाही झाकायचा," म्हणाले. का ते सांगत बसले नाही. काचेवर कुंकवाचा ठिपका अजून होता. मावशी पाटावर बसल्यावर जिथे कपाळ येईल, तिथे. त्याच्यामागे आता कोणी नव्हतं; पलीकडच्या भिंतीचा तुकडा दिसत होता.

सकाळी मी तोंड धुते तेव्हा चष्मा बेसिनच्या कडेला असतो. समोरच्या आरशात एक पुसट बाई उभी राहते. अशी पुसट असताना ती कोणीही असू शकते. मी तिला विचारते, "ही कोण? नाव सांग." आणि थांबत नाही, थांबायची मला भीती वाटते. लगेच मोठ्याने म्हणते, "अंबुजा, बी.एस्सी." डिग्रीसकट. नवरा पलीकडून हसतो. हसू दे. ओठ हलले आणि आवाजही आला, एवढं मी आपल्या कानांनी ऐकून घेते. मग चष्मा लावते.